केवळाबाईची रेघ

सौदामिनीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला आणखी एक दागिना असे, आणि तो तिचा नव्हता. काळ्या दोऱ्यात ओवलेला अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता आकार. वकील शरदचंद्रांची पहिली बायको केवळाबाई एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, तिचा हा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात बाळगायचा आणि लुगडं असो की काकणं, नवी वस्तू आधी त्याला लावून मग आपण वापरायची, अशी त्या घरची रीत. घर मूळचं नायगावकडचं, शेतीवाडीचं. वकिलीसाठी नांदेडला वजिराबादेत येऊन राहिलं, पण येताना देव आणि रिती दोन्ही गाडीत घालून आणले होते.

सौदामिनी लातूरच्या डॉक्टरांची लेक. बाप हौशी आणि हट्टी. पोरीला चित्रकला शिकायला त्यांनी मुंबईला धाडलं तेव्हा निम्मं लातूर त्यांच्याशी बोलेनासं झालं होतं. पाच वर्षांनी ती परतली ती नव्या तऱ्हेची चित्रं घेऊन. माणूस चार रेघांत, झाड तीन रेघांत, उरलेला कागद कोरा. सव्वीस वर्षांच्या, असली चित्रं काढणाऱ्या मुलीला बिजवराखेरीज कोण मिळणार? शरदचंद्र भला माणूस निघाला. मी शिकवणार आणि चित्रं काढणार, या तिच्या दोन्ही अटी त्यानं मान्य केल्या. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. मुआइन्याला आलेल्या तपासनीस बाईंनी वर्गातलं तिचं चित्र बराच वेळ न्याहाळून अदबीनं उर्दूत विचारलं होतं, की हे पुरं कधी होणार? सौदामिनी घरी येऊन पोट धरून हसली होती.

हसायची ती तेव्हा. टाकाचंही तिला काही वाटत नसे. म्हाताऱ्या सासूचं मन राखायचं, दुसरं काय!

लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. मुंबईहून चांगला कागद यायला चार महिने लागले. चैत्रातल्या एका दुपारी गुंडाळी आली आणि तिनं ती मागच्या थंड खोलीत जमिनीवर उलगडली. सासूबाई साखराबाई दाराशी ज्वारी पाखडत होत्या.

"नवं हाय न्हवं? केवळीला लाव आधी."

"आत्याबाई, कागदाचं त्या काय करतील?"

"काय बी करंल. तिचा मान हाय."

सौदामिनी खुशीत होती. तिनं टाक काढला, कागदाच्या मधोमध टेकवला आणि पाहुण्यापुढं ताट सरकवावं तसं म्हणाली, "घ्या केवळाबाई. पहिली रेघ तुमची."

साखराबाईंचा हात सुपातच थांबला. "असं म्हनू न्हाई बाई. लावायचं अन् गप ऱ्हायाचं. तोंडानं बोलून कुनी देतं का?"

सौदामिनीनं ते हसण्यावारी नेलं. दोघी जेवल्या, आवरासावर झाली, आणि ती परत खोलीत आली तेव्हा कागदावर एक रेघ होती.

कोळशाची रेघ. सौदामिनी स्वतः तुराट्या जाळून कोळसा करायची, तसलाच रंग. खाली डावीकडून निघालेली, मध्ये जराशी वाकलेली, वर जाऊन सहज सुटलेली. घागर उचलायला वाकलेल्या बाईची पाठ. सौदामिनीला आधी वाटलं, हात धुवायला जाताना आपणच ओढली असेल. भाकरीच्या मऊ तुकड्यानं ती पुसायला गेली. भाकरी काळी झाली, रेघ होती तशीच राहिली. कागद महागाचा, टाकवेना. तिनं त्या रेघेला धरूनच घागर काढली, घाट काढला, आणि चित्र चांगलं उतरलं.

दुसऱ्या कागदावरही रेघ आली. तिसऱ्यावरही.

सौदामिनी काही भुताखेतांत वाढलेली नव्हती. डॉक्टरांची लेक होती. तिनं एक कागद नवऱ्याच्या कायद्याच्या पुस्तकांच्या पेटीत कुलूप लावून ठेवला. उघडला तेव्हा त्यावर रेघ होती. टाक गळ्यातून काढून देवघरात ठेवून पाहिला. रेघ आलीच. मग एका रविवारी भर दुपारी कोरा कागद समोर ठेवून ती भिंतीला टेकून बसली. घामाच्या धारा लागल्या, पण नजर हलू दिली नाही. तासभर काही झालं नाही. साखराबाईंनी पाणी हवं का म्हणून हाक मारली, तिनं मान वळवून नको म्हटलं, आणि मान परत आणेपर्यंत कागदावर एका झोपलेल्या मुलाच्या गालाची रेघ होती.

ती घाबरली का? घाबरली. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की ती रेघ बघून तिला हेवा वाटला.

पावसाळा सरता सरता अवधूतराव आले. मुंबईला तिच्या पुढच्या वर्गात होते, आता हैदराबादला नाव कमावून होते. दिवाळीनंतर तिथं मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यासाठी ते गावोगाव हिंडून चित्रं निवडत होते. या प्रदर्शनात चित्रं लागणं म्हणजे काय, हे सौदामिनीला सांगायला नको होतं. गेली तीन वर्षं ती वजिराबादच्या त्या खोलीत बसून याच एका गोष्टीची वाट पाहत होती. नाहीतर तिला चित्रकार म्हणणारं नांदेडात होतं कोण?

तिनं बारा चित्रं जमिनीवर मांडली. अवधूतराव उकिडवे बसले. मग पहिल्या चित्रातल्या एका रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. मग दुसऱ्यातल्या एका. बाराच्या बारा चित्रांवरून त्यांचं बोट फिरलं आणि दरवेळी ते आपसूक उमटलेल्या त्या रेघेवरच थांबलं.

"ही रेघ कुठून आणलीत?"

"का?"

"बाकीचं सगळं छान आहे. शिकलेलं आहे. मीही तेच शिकलोय. पण ही शिकून येत नाही, सौदामिनीबाई." ते उठले, धोतर झटकलं. "एक सुचवू? ही ठेवा आणि बाकीचं काढून टाका. मग बघा."

ते गेल्यावर ती तशीच चित्रांमध्ये बसून राहिली. साखराबाई कंदील पुसत होत्या.

"आत्याबाई, केवळाबाईंना चित्र काढता यायचं?"

"चित्र? तिला आंगठा उठवायचा म्हाईत." साखराबाई काच पुसत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बिलोलीकडची पोर. बारा वर्साची आली घरात. जरा हात रिकामा झाला की भुईवर बोटानं रेघा ओढून राहायची. घरात रेघोट्या ओढल्या की अवदसा येती म्हनतेत. म्या हाणायचे. बोटावरच हाणायचे." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "लई हाणलं म्या."

सौदामिनीला रडू आलं. अशी मुलगी आपल्या वर्गात असती तर? पहिल्याच दिवशी ओळखली असती. घरच्यांशी भांडून हैदराबादला पाठवली असती, मुंबईला पाठवली असती. हे सगळं खरं होतं. आणि त्याच रडण्यात तिला हेही कळत होतं, की ती पोर जिवंत असती तर आपण तिच्यापुढं कुणीच नव्हतो.

तिनं आठ दिवसांची रजा काढली. टाक देवघरात ठेवला, गुंडाळीतले चार कागद घेतले आणि मोटारीनं लातूर गाठलं. स्वतःची चित्रं करायची, चांगली होवोत की वाईट, आणि तीच हैदराबादला पाठवायची, असं तिनं ठरवलं होतं.

माहेरी दवाखान्यावरच्या खोलीत तिनं कागद लावला. दुपारपर्यंत तो कोरा राहिला. संध्याकाळपर्यंत तिनं गंजगोलाईतला बाजार काढला: भोपळ्यांच्या राशी, तराजू, पागोट्यांची गर्दी. कितीतरी महिन्यांनी कागदावरची प्रत्येक रेघ तिची होती. फार थोर नसतील त्या रेघा, पण तिच्या होत्या.

सकाळी वडील चहा घेऊन वर आले. "आज लवकर बसलीस. काय काढणार आहेस?"

तिनं वळून पाहिलं. कागद कोरा होता.

तिनं बोटं फिरवून पाहिली. कोळसा दाबल्याच्या खुणा बोटांना लागत होत्या. हा भोपळा, हा तराजू. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नव्हतं. तिनं दुसऱ्या कागदावर काढलं, मग शाईनं काढलं, मग तेलरंगानं. दर सकाळी कागद पांढरा होत गेला, शेवटी चारही पांढरे झाले. वडिलांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि विश्रांती घे म्हणाले.

ती नांदेडला परतली ती धावतच मागच्या खोलीत गेली. बारा चित्रं भिंतीला टेकून उभी होती. घाट गेला होता, घागर गेली होती, पाळणा, गाय, गोदावरी, सगळं गेलं होतं. प्रत्येक कागदावर एकच रेघ उरली होती, आणि त्या एका रेघेत घाट होता, घागर होती, गोदावरी होती.

इतकी सुंदर चित्रं तिनं मुंबईतही पाहिली नव्हती.

तिनं शाईची दौत काढली. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरात स्वतःची सही केली. ही चोरी आहे हे तिला समजत होतं. पण आता हातात दुसरं काही राहिलंच नव्हतं. शाई वाळताच शरदचंद्रांनी कागद पत्र्याच्या नळीत घातले आणि स्टेशनावर जाऊन पार्सल केले.

मार्गशीर्षात अवधूतरावांचं पत्र आलं. शरदचंद्रांनी ते मोठ्यानं वाचलं.

'आपण माझा सल्ला इतका मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. हिंमत लागते. पाहणारे बारा चित्रांपुढून हलत नाहीत. एक मात्र राहिलं. आपण एकाही चित्रावर सही केलेली नाही. खाली पाटी लावायची आहे, तरी नाव कसं लिहायचं ते उलट टपाली कळवावं.'

शरदचंद्रांनी पत्र खाली ठेवलं. "मी स्वतः पाहिली होती तुझी सही. बाराही कागदांवर."

लातूरहून परतल्यावर पुन्हा गळ्यात घातलेला टाक सौदामिनीनं मुठीत धरला होता. तिला वाटलं, इतके दिवस आपण सवतीचा मान ठेवत होतो, तो फक्त लुगड्याकाकणांचा. तिचं जे खरं होतं ते दाबून ठेवलं. ते तिला दिलं, तर कदाचित आपलं आपल्याला परत मिळेल.

"केवळाबाई लिहा," ती म्हणाली.

शरदचंद्रांची लेखणी दौतीवरच थबकली. सात वर्षांत ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग कार्डावर खाली मान घालून लिहिलं. अक्षर उमटलं. कार्ड त्याच दिवशी पेटीत पडलं.

त्या दिवशी सौदामिनीला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. साखराबाईंच्या हातची आमटी तिनं दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाचवीचा तास होता. कोवळं ऊन खिडकीतून बाकांवर आलं होतं. तेवीस मुली पाट्या घेऊन बसल्या होत्या. आज गडू काढायचा, ती म्हणाली. आधी काठ, मग गळा, मग पोट. माझ्याकडं बघा.

तिनं नवा खडू घेतला आणि फळ्याकडे वळली. हात मोकळा चालला. काठ झाला, गळा झाला, पोटाची गोलाई एका दमात खाली आली. हात परत आला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागं कुणी हललं नाही. पेन्सिलींचा आवाज नाही.

"काढा की गं," ती न वळता म्हणाली.

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. पुढच्या बाकावरची शिवगंगा उठून उभी राहिली.

"बाई, तुमी काढल्यावर काढतो."

सौदामिनीनं फळ्याकडे पाहिलं. काठ तिथं होता. तिला दिसत होता.

तिनं तो पुन्हा गिरवला. दाबून गिरवला. गळा गिरवला, पोट गिरवलं.

"आता?"

शिवगंगा बिचारी खाली बघू लागली. तिला बाईंना दुखवायचं नव्हतं.

"आमी थांबतो बाई," ती म्हणाली. "सावकाश काढा."

मुली हाताची घडी घालून शहाण्यासारख्या काळ्या फळ्याकडे बघत राहिल्या. फळ्याखाली सौदामिनीच्या पावलांवर पांढरी भुकटी पडत होती, आणि चिमटीतला खडू पार संपत आला होता.