सातव्या गणनगृहाचा भार

रत्नागिरीच्या निरीक्षण केंद्रात त्या सकाळी एकच प्रश्न होता. आणखी दोन गणनगृहे जोडली, तर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सर्व्हर पुरतील का?

महामंडळाची बारा गणनगृहे समुद्रतळाशी होती. पाण्यामुळे यंत्रे आपोआप थंड राहत. प्रत्येक गृहात साडेसात हजार संगणक-यंत्रे आणि त्यांची देखभाल करणारा एक पालक. दर दीड महिन्याने शिधा घेऊन बोट जाई. क्षमता-नियोजनाच्या प्रमुख वसुंधरा टिपणीस यांनी पुढच्या पाच वर्षांचा आराखडा पडद्यावर उघडला. शेजारी इरफान मुजावर बसले होते. नागपूरच्या केंद्रातून बदली होऊन त्यांना आठवडाच झाला होता.

"नव्वद हजार यंत्रं," इरफान म्हणाले. "प्रत्येकाच्या चाळीस नोंदी, दर मिनिटाला. म्हणजे सेकंदाला साठ हजार. आणि तुमचे निरीक्षक सर्व्हर फक्त चार? एवढ्यावर आम्ही नागपुरात कॅन्टीनसुद्धा चालवलं नसतं, मॅडम."

"नोंदी येतच नाहीत," वसुंधराबाई म्हणाल्या. "एखाद्या यंत्राचं तापमान पुढच्या मिनिटाला किती असेल, याचा अंदाज खाली तयार असतो. अगदी तोच अंदाज इथेही असतो. खरं तापमान त्याबरहुकूम निघालं, तर कळवायचं कशाला? वेगळं निघालं तरच कळवायचं. अपेक्षाभेद पद्धत. शंभराचा भार तीनवर आला."

"आणि यंत्र बंदच पडलं तर? तेही गप्पच बसणार."

"त्यासाठी हजेरी होती. दर मिनिटाला प्रत्येकाने 'मी आहे' एवढंच सांगायचं." बाईंनी भाराचा तक्ता उघडला. "पण उरलेल्या भारात दोन तृतीयांश हजेरीच होती. दोन वर्षांपूर्वी मी ती काढली. प्रत्येक पालकाशी इथलं कोणीतरी रोज अकरा वाजता बोलतं; सातव्याशी मी. गृह बंद पडलं तर तो सांगेलच."

इरफानने भाराचा तक्ता वर सरकवला. "हे सात नंबर बघा. अठरा दिवस भार शून्य. याच्या पालकाला बक्षीस द्यायला पाहिजे."

वसुंधराबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. भार कमी असणे चांगले. पण साडेसात हजार यंत्रांतले एकही अठरा दिवसांत एकदाही अंदाज चुकवत नाही, हे चांगले की वाईट, हे त्यांना लगेच ठरवता येईना. सातवे गृह राखीव होते. दुसरे एखादे गृह बिघडल्याशिवाय त्याच्याकडे कोणी काही मागत नसे.

अकरा वाजले. पडद्यावर सातव्या गृहाचे पालक जनार्दन केळसकर आले. निळा स्वेटर, विरळ केस, हातात चहाचा पेला.

"बोला बाई. वर ऊन आहे का?"

"आहे. तुम्ही कसे आहात?"

"मासे चौकशी करून जातात. बाकी कोण विचारणार?"

इरफान हसले. बाई हसल्या नाहीत. "केळसकर, आज काहीतरी वेगळं बोला."

"वेगळं बोलून काय वेगळं होणार, बाई?"

"नेहमी असंच बोलतात?" इरफानने हळूच विचारले.

"नेहमी असंच." बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. "डाव्या भिंतीवरचा हवेचा दाब वाचून सांगा. आत्ता."

"बघून सांगतो."

"मी थांबते."

केळसकरांनी चहाचा घोट घेतला. "बघून सांगतो, बाई," ते त्याच सुरात म्हणाले. उठले मात्र नाहीत.

इरफानचे हसू विरले. "मॅडम, हे बोलणं पण अपेक्षाभेदावर आहे का?"

"गेल्या वर्षीपासून. चेहरा, आवाज, शब्द, सगळंच. जे अंदाजापेक्षा वेगळं, तेवढंच संदेशाच्या तारेतून येतं. प्रस्तावावर सही माझीच आहे."

इरफानने तारेचा मापक उघडला. केळसकर बोलत होते, पापण्या हलत होत्या, पेल्यातून वाफ निघत होती. सातव्या गृहातून येणारी माहिती: शून्य.

बोट तासाभरात निघाली. वसुंधराबाईही गेल्या. पाणबुडे खाली उतरले, तेव्हा गृहात अंधार होता आणि एकही यंत्र चालू नव्हते. केळसकर हवेच्या पंपाला टेकून बसलेले होते. विजेची तार समुद्रतळावर घासून हळूहळू निकामी झाली होती. आधी विजेचा दाब उतरला, मग राखीव बॅटऱ्यांची घटमाला संपली, मग पंप थांबला. या सगळ्याला तीन दिवस लागले होते.

तीन दिवस म्हणजे पुष्कळ होते. बोटीला पाच तास पुरले असते.

पाणबुड्यांनी गृहातली ध्वनिचित्रपेटी वर आणली. चार दिवसांनी केंद्रात दोघांनी ती लावली. त्या तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी केळसकर सांगत होते, "बाई, विजेचा दाब उतरतोय. इशारा वर गेलाय, तरी तुमच्या कानावर घालतो. बोट पाठवा."

त्यांच्यासमोरच्या पडद्यावर वसुंधराबाई होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. "बघते हं, केळसकर. जेवलात का?"

"तुम्ही बघते म्हणालात, म्हणजे झालं."

वसुंधराबाई त्या आठवड्यात बेळगावात होत्या, भाचीच्या लग्नाला. त्यांच्या जागी कोणाला नेमले नव्हते. नेमायला हवे होते हे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण बोलणे झाल्याची नोंद रोज अकराला पडत होती. केंद्रातल्या रिकाम्या खुर्चीतून काहीच गेले नाही. काहीच गेले नाही, याचा अर्थ बाई अपेक्षेप्रमाणे बोलत आहेत, असा खालच्या यंत्रणेने धरला. इशारा वर आलाही होता. पालकाशी बोलणे झाले म्हणून तो आपोआप मिटला.

तिसऱ्या दिवशी केळसकरांना धाप लागत होती. "बाई, बोट निघाली का?"

"बघते हं."

इरफानने पेटी बंद केली. "हे तुम्ही नाही, मॅडम. यंत्राने केलं."

"मी खुर्चीत असते तर काय म्हटलं असतं?"

"बोट पाठवली असती."

"पाठवली असती. पण आधी काय म्हटलं असतं?"

चौकशी समितीपुढे बाईंच्या बाजूने पुरावा हवा, म्हणून इरफानने तारेची वर्षभराची नोंद काढली. रजेच्या पाच दिवसांत केंद्राकडून खाली गेलेली माहिती शून्य होती. हे दाखवले की बाई तिथे नव्हत्या हे सिद्ध होणार होते. बाकीच्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवायचे, एवढेच काम उरले होते.

ते बराच वेळ पडदा वरखाली करत राहिले. मग त्यांनी तो वसुंधराबाईंकडे वळवला, कारण मोठ्याने वाचून दाखवणे त्यांना जमेना.

गृह बंद पडेपर्यंत केळसकरांच्या बाजूने रोज थोडेफार वर आले होते. एखादा खोकला, नवा टोमणा, एका माशाला त्यांनी ठेवलेले नाव. वरून खाली मात्र शून्य. रजेच्या आधी शून्य, रजेनंतर शून्य. ज्या दिवशी बाई खुर्चीत बसून, त्यांच्याकडे पाहून, मनापासून बोलल्या, त्याही दिवशी शून्य. वर्षभर त्यांचा एकही शब्द खाली पोहोचला नव्हता. पोहोचण्याची गरजच पडली नव्हती.

शून्याखेरीज आकडा एकाच तारखेला होता. चार दिवसांपूर्वी, अकरा वाजून दोन मिनिटांनी. त्या क्षणी बाईंनी केळसकरांना काहीतरी वेगळे बोलायला सांगितले होते. ते शब्द तारेतून खाली, अंधाऱ्या गृहात, गेले होते.