काचेमागचा नंबर

पडदा खाली ओढ रे ग्योल, वारा आत येतोय. आणि सोलबी, तू मघाशी म्हणालीस ना, रोजच्या येण्याजाण्यासाठी एक जुनी मोठी गाडी बघून ठेवलीय? घे, जरूर घे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ. गाडी पुरात बुडालेली असली तर तिथे गाळ सापडतो. पण घरी आणलीस की काचेमागचा जुन्या मालकाचा फोन नंबर त्याच दिवशी काढून टाक.

हसू नका. तीस वर्षं बातम्या लिहिल्या, पुराव्याशिवाय एक ओळ छापली नाही. म्हणून ही गोष्टसुद्धा छापलेली नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो मा चांगहो सुवॉनला माझ्याच इमारतीत राहतो, माझ्या वर दोन मजले.

चांगहो एका कारखान्यात माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांची दुरुस्ती करायचा. कारखान्याचा नोकर नव्हे, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा. कारखाना समुद्रकाठी, लांबच्या पुलापलीकडे. कंपनीची बस होती, पण ती कायम कामगारांसाठी. यांनी आपापलं यायचं, आणि उशीर झाला तर पगार कापून घ्यायचा. त्याची छोटी गाडी पुलावरच्या वाऱ्यात कागदासारखी हलायची. म्हणून गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर तो जुन्या बाजारातून एक काळी, लांबलचक साहेबी गाडी घेऊन आला. कातडी सीटा, मागच्या काचांना पडदे. तीन लाख किलोमीटरच्या वर पळालेली, म्हणूनच त्याला परवडली.

बायको खाली येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "वा! चेअरमनसाहेब कधी येणार बसायला?"

"मीच चेअरमन."

"मग चेअरमनसाहेब, वर जाताना भाजीची पिशवी घेऊन चला."

दलालाने त्याला सांगितलं होतं, "दादा, आकडा बघून घाबरू नका. शहरात घासलेली नाही, सगळी महामार्गावर पळालीय. एकच मालक, म्हातारा माणूस, रोजचा एकच रस्ता." दलाल लोक क्वचित खरं बोलतात, पण हा बोलला होता. चांगहो त्या गाडीतून पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात कारखान्याचं नाव टाकायला गेला, तर यादीत सगळ्यात वर तेच होतं. तीन नंबरचं गेट. याला गंमत वाटली. म्हणाला, गाडीला माझी नोकरी आधीच पाठ आहे.

आता आमच्या इमारतीचं पार्किंग तुम्ही पाहिलंय. गाड्या जागेच्या दुप्पट. दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी लावायची, गिअर न्यूट्रलला ठेवायचा म्हणजे कोणालाही हाताने ढकलता येते, आणि काचेमागे आपला फोन नंबर ठेवायचा. एवढं पाळलं की शेजारधर्म टिकतो. चांगहो दोन्ही पाळत नव्हता. रात्रपाळी करून सकाळी परतायचा, झोपेच्या तारेत गिअर पार्कला टाकून वर जायचा. नंबर मात्र त्याने मुद्दामच बदलला नाही. "लोक त्या जुन्या नंबरला शिव्या घालतील," तो म्हणाला, "मला झोप तरी मिळेल."

काही आठवडे गेले. एक दिवस लिफ्टमध्ये त्याला नवव्या मजल्यावरच्या बाई भेटल्या.

"तुमचे वडील फार सभ्य हो," त्या म्हणाल्या. "मी एवढी तणतणत फोन केला, तर 'आलो हं, माफ करा, आलो' म्हणत लगेच खाली आले. गाडी हलवून दिली."

"माझे वडील?"

"कोट फार पातळ होता अंगात. जाड काहीतरी घ्या त्यांना. एवढी मोठी गाडी घेता..."

चांगहो शाळेत असतानाच त्याचे वडील वारले होते. आणि गाडीची चावी त्याच्या उशाखाली होती.

बाईंनी दुसरीच गाडी पाहिली असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग वॉचमन म्हणाला, "तुमचे वडील पहाटे बाकावर बसलेले असतात. गाडीकडे बघत. नमस्कार केला तर मान हलवतात, बोलत नाहीत." तेव्हा तो खाली गेला आणि काचेमागची ती नंबराची पट्टी उलटी करून ठेवली. नंबर खाली, पाठ वर. फेकून द्यायला धीर झाला नाही.

ती रात्र गुरुवारची. एकवीस नोव्हेंबर.

मुकादमाने त्याला आधीच बजावलं होतं, आणखी एक खाडा केलास तर कंत्राट संपलं. घरात दोन वर्षांची मुलगी. चांगहो जेवून, डबा घेऊन, रात्री साडेनऊला खाली उतरला.

गाडी जागेवर नव्हती.

चोरीला गेली म्हणून तो धावला. सापडली ती पार मागे, भिंतीला नाक लावून. तिच्यामागे तीन गाड्या आडव्या. त्याने पहिली ढकलली. हलली नाही. दुसरी. तीही नाही. खांदा लावला, पाय रोवले... जणू जमिनीतून उगवल्या होत्या. तिघांच्या नंबरांवर फोन केले. कोणी उचलला नाही.

मग त्याचं आपल्या गाडीच्या काचेकडे लक्ष गेलं.

पट्टी सुलटी होती. नंबर वर.

त्याने तो लावला. का लावला, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याला वाटलं, बंद असेल.

घंटा वाजली.

"...आलो हं. माफ करा. आलो."

म्हाताऱ्याचा आवाज. मागे वारा, समुद्रावरचा असतो तसा.

"काका," चांगहो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. "काका, गाडी काढा. मला कामावर जायचंय."

"..."

"काका?"

"कुठे?"

त्याने कारखान्याचं नाव सांगितलं. तीन नंबरचं गेट.

बराच वेळ नुसता वारा.

"जोडीला कोण आहे?"

"कोणी नाही. मी एकटाच असतो."

"..."

फोन बंद झाला नाही. पलीकडे कोणीतरी रडत होतं. तोंडावर हात दाबून, आवाज न होऊ देता. म्हातारी माणसं रडतात तसं.

चांगहो जिना चढून घरी गेला. लिफ्टसाठी थांबला नाही. बायकोने त्याचं तोंड पाहिलं आणि हातातला डबा काढून घेतला. मुकादमाचा फोन आला. शिव्या देऊन झाल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

त्या रात्री कारखान्यात दोंगप्यो दुपारची पाळी संपवून कपडे बदलत होता. पन्नाशीचा, चांगहोला धाकट्या भावासारखा वागवणारा माणूस. मुकादमाने त्याला थांबवलं. चांगहो आला नाही, त्याच्या जागी तू जा. पट्ट्याजवळ दोघांनी मिळून जायचं असा नियम आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय. प्रत्यक्षात एक माणूस आणि एक बॅटरी. तीन वाजता पट्ट्याने त्याची बाही धरली. थांबवायचा दोर हाताशी होता, पण तो ओढायला दुसरा माणूस लागतो. सकाळी पाळी बदलली तेव्हा तो सापडला.

कंपनीने दुपारपर्यंत पत्रक काढलं. कामगाराचा निष्काळजीपणा. असली पत्रकं तयारच असतात रे, फक्त नाव भरायचं बाकी असतं.

मी त्या बातमीसाठी शनिवारी इस्पितळाच्या शोकगृहात गेलो. भेटायला आलेली माणसं जेवत बसली होती. कोपऱ्यात चांगहो. पुढ्यातला तिखट रस्सा गार होऊन वर चरबीची साय धरलेली. मला बघून सरकून जागा दिली.

"मला परत घेतायत," तो म्हणाला. "लिहून द्यायचं, की पाळी आम्ही आपसात बदलली. मुकादमाने काही सांगितलं नाही."

"आणि सोमवारी कामगार कार्यालयात तुझा जबाब आहे."

"तिथेही तेच सांगायचं."

"मग दोष कोणाचा ठरतो?"

"दोंगप्योदादाचा. थोडा माझा." समोर दोंगप्योची बायको पाहुण्यांना वाढत होती. तो हळूच म्हणाला, "थोडा माझा आहेच, काका. मी गेलो असतो तर..." आणि मग त्याने मला हे सगळं सांगितलं. बाई, वॉचमन, फोन.

मी नंबर विचारला. तो सांगत गेला, मी माझ्या फोनवर टिपत गेलो. शेवटचे आकडे टाकायच्या आधीच नाव वर आलं.

योम जोंगसू.

त्याचा मुलगा त्याच कारखान्यात, त्याच पट्ट्याजवळ मेला होता. सव्वीस वर्षांचा. रात्रपाळी, एकटा. योम निवृत्त ड्रायव्हर. मालकाने जाताना जुनी गाडी दिली होती, ती घेऊन तो सुवॉनहून रोज निघायचा आणि तीन नंबरच्या गेटवर गळ्यात पाटी अडकवून उभा राहायचा. पाऊस असो, बर्फ असो. पाच वर्षं. कायम कामगारांची बस त्याच्यासमोरून आत जायची. मी त्याच्यावर दोनदा लिहिलं. खटल्यात साहेब सुटले, कंपनीला किरकोळ दंड झाला. योम गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात गेटवरच छातीत कळ येऊन गेला. पातळ कोटातच. त्याचा फोन तेव्हाच बंद झालेला. मी चांगहोदेखत पुन्हा लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

चांगहो म्हणाला, "म्हाताऱ्याने मला वाचवलं की दोंगप्योदादाला मारलं?"

"दोंगप्योला कोणी मारलं ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "ते भूत नाही. त्याला पगार मिळतो."

त्याने चावी काढून माझ्या हातात दिली. "तुमच्याकडे ठेवा. मला त्या गाडीकडे बघवत नाही." सोमवारी काय सांगणार, ते मी विचारलं नाही. मुलीला खायला घालायचंय त्याला, मला नाही.

रविवारी दोंगप्योला निरोप दिला. गाडी भिंतीशी तशीच होती. मागच्या तीन गाड्या शुक्रवारी सकाळीच आपापल्या मालकांबरोबर सहज निघून गेल्या होत्या.

सोमवारी उजाडता उजाडता माझी बेल वाजली. दारात चांगहो, अंगात शोकगृहातलाच काळा कोट.

"काका, तुम्ही गाडी हलवलीत?"

चावी माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती घेतली. आम्ही खाली गेलो.

गाडी इमारतीच्या फाटकाशी होती. तोंड रस्त्याकडे. मी आत डोकावलो. गिअर पार्कलाच होता. अशी गाडी ढकलता येत नाही, कितीही माणसं लावा. टपावर, काचांवर, डिकीवर रात्रीचा हिमाचा थर, पांढराशुभ्र.

डिकीवर पंजे उमटले होते. गाडी ढकलताना टेकतात तसे, बोटं फाकलेली. एक जोडी म्हाताऱ्या, वाकड्या बोटांची. तिला लागून दुसरी, सडपातळ, तरुण हातांची. आणि टोकाला तिसरी... रुंद. तिच्या उजव्या मनगटावर हिमात कापडासारखं काहीतरी घासलं गेलं होतं, फाटक्या बाहीसारखं.



चांगहोने पुढची काच खरवडली. डिकीला हात लावला नाही. शेजारी मी बसलो. कामगार कार्यालयापर्यंत त्याने एक शब्द काढला नाही; आत मात्र तो दोन तास बोलला, आणि त्याने मुकादमाचं नाव घेतलं.

बाहेर आलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. गाडीवरचं सगळं हिम वितळून खाली ओघळलं होतं, टप कोरडा, काचा कोरड्या.

डिकीवर सहा पंजे तसेच होते. पांढरे.