सतरा नंबरचा पिंजरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण मी लिहितोय ते खरं आहे. गेल्या रविवारी, भरदुपारी, मी कामाला आहे त्या प्रयोगशाळेत घडलेलं.

मी तिथे ससे सांभाळतो.

दोन वर्षांपूर्वी चाळीस ससे होते. सगळ्यांना चरबीचं खाद्य, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबतात. मग विसांना नवं औषध, विसांना नुसतं पाणी. कोणाला काय, ते फक्त प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना ठाऊक.

सतरा नंबरचा ससा भारी आगाऊ. मी त्याला साहेब म्हणायचो.

एका दुपारी त्याने शेजारच्या पिंजऱ्याकडे बघत मागचा पाय आपटला.

ठप्प... ठप्प... ठप्प...

ससे घाबरले की आपटतात. मी दुर्लक्ष केलं.

आठवड्याच्या आत शेजारचा मेला.

असं चार वेळा झालं. चौघेही पाणीवाले निघाले.

शेवटी मॅडमनी उरलेल्या सगळ्यांना इंजेक्शन देऊन मारलं आणि आतून तपासलं. साहेबही गेला. औषधवाल्यांच्या रक्तवाहिन्या बऱ्याच मोकळ्या होत्या. ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तिथेच फसलो.

यंदा तेच औषध माणसांवर तपासायला घेतलं. माझ्या दादाच्या हृदयात ब्लॉकेज. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. मीच म्हणालो, "दादा, कापाकापी कशाला? या गोळ्यांचा गुण मी पाहिलाय."

इथेही अर्ध्यांना औषध नसलेल्या साध्या गोळ्या मिळतात, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला चाचणीच्या कागदावर सही करायला लावली.

रविवारी मी रिकामे पिंजरे धूत होतो. दादा घराची किल्ली द्यायला आला. दारातच थांबला.

सतरा नंबरच्या पिंजऱ्यातून आवाज आला...

ठप्प... ठप्प... ठप्प...

पिंजऱ्यात काहीच नव्हतं. ओल्या जाळीतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

"एक ससा राहिलाय वाटतं रे," दादा म्हणाला.

मी नळ बंद केला.

मी मॅडमना फोन केला. दादाची गोळी कुठली, तेवढंच विचारलं.

"ते मलाही कळत नाही. त्याला त्रास होतोय का?"

"नाही."

"मग यादी उघडा म्हणायला कारण काय सांगू वरच्यांना?"

काय सांगणार होतो मी? मेलेला ससा पाय आपटतो म्हणून?

ऑपरेशन करून घे, असं दादाला रोज विनवतोय. तो हसतो. "तूच म्हणालास ना, कापाकापी कशाला?"

आज गुरुवार.

सकाळी त्याने माझ्यासमोर गोळी घेतली, वर पाणी प्यायला आणि म्हणाला, "लागू पडतंय बघ तुझं औषध."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?