रिफअतच्या आईचा टॅब

दुकानांची शटरं पडली तशी अब्दुल अझीझ रस्त्यावरच्या कॉफीघरात फोनच्या काचा बदलणाऱ्या उस्ता गलालनं खुर्ची भिंतीला टेकवली. समोर मोबाईल दुरुस्तीची तीन-चार तरणी पोरं चहा ढवळत होती. त्यांतला एक म्हणाला, "जुन्या डेटाची प्रत कशाला काढत बसायची, उस्ता? गिऱ्हाइकाला काय कळतंय! सरळ नवी सिस्टीम टाकायची."

"हमदी माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचा," उस्ता म्हणाला. "त्यानंही एकदा प्रत काढली नाही. एकदाच."

पोरं जवळ सरकली. उस्ता सांगू लागला.

हमदी आणि रिफअत एका ताटात जेवलेले. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनांसाठी रिफअतनं स्वतःची सिस्टीम रचली होती. हमदी गिऱ्हाइकं आणायचा. एकदा स्क्रीन उघडताना काच घुसली, तेव्हापासून रिफअतच्या उजव्या अंगठ्यावर मधोमध उभी चीर होती. फोनच्या माहितीच्या शेवटच्या पानावर रचणाऱ्याचं नाव असतं. तिथं त्याचं होतं. असं नाव या धंद्यात कुणी पुसत नाही.

फेब्रुवारीत रिफअत मायक्रोबसखाली गेला. ऑक्टोबरात एका बड्या व्यापाऱ्यानं ती सिस्टीम मागितली. अट एकच: मालक एक हवा. दुसऱ्याचं नाव असलेलं एकही यंत्र निघालं, तर सौदा मोडला. हमदीनं सगळीकडे स्वतःचं नाव घातलं. एकच यंत्र राहिलं. रिफअतनं आईसाठी तीच सिस्टीम टाकून दिलेला टॅब.

म्हातारीला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. म्हणून रिफअतनं सिस्टीममध्येच आपला आवाज बसवला होता. रोज रात्री दहाला टॅब बोलायचा, "आई, गोळी घेतलीस? खोटं बोलू नकोस हं." मुलाचं घरात तेवढंच उरलं होतं.

दोन नोव्हेंबर, गुरुवार. रात्री सव्वानऊला हमदी शुब्रा वस्तीत म्हातारीच्या तिसऱ्या मजल्यावर चढला.

"आलास का रे बदमाशा!" म्हातारीनं त्याचा चेहरा चाचपला. "आठ महिने झाले. आधी जेव. कोबीच्या पानांत भात भरून महशी केलीय."

"आधी काम, मावशी. टॅब हळू चालतो म्हणे तुझा?"

"कोण म्हणतं? माझ्याहून भराभर चालतो."

"नवा करून देतो."

"आवाजाला धक्का नाही ना लागणार?"

हमदीनं केबल जोडली. प्रत काढायला पाच मिनिटं पुरली असती. पण प्रतीतही रिफअतचं नाव आलं असतं.

"नाही लागणार," तो म्हणाला.

पडद्यावरची पट्टी भरत गेली. तो महशी खात होता. म्हातारी त्याच्या ताटात वाढत होती.

दहाला पाच कमी असताना काम झालं. तिनं टॅब मांडीवर घेतला, गोळी तळहातावर ठेवली.

दहा वाजले.

टॅब गप्प.

"आज उशीर करतोय," ती म्हणाली.

हमदीनं ताट बाजूला सारलं.

दहा वाजून चार मिनिटं... सहा...

"नवा आहे ना, मावशी. उद्या बोलेल."

तिनं टॅब कानाशी धरला. गोळी तशीच हातात.

जिन्यात दिवा नव्हता. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या खिशातला फोन थरथरला. नंबर नाही. नाव नाही. पडदा काळा.

"गोळी घेतली तिनं?"

आवाज ओळखीचा होता.

हमदीनं बटण दाबून धरलं. फोन बंद झाला.

"...हमदी."

बंद फोनातून.

"हो... घेतली," हमदी पुटपुटला.

त्यानं फोन खिशात कोंबला. मग, अगदी कानाशी...

"खोटं बोलू नकोस हं."

तो कसा खाली आला, त्याला आठवत नाही. पहाटे माझं दार ठोठावलं. सगळं सांगितलं. मी त्याला हाताला धरून शुब्र्याला घेऊन गेलो.

म्हातारी न्याहारीला बसली होती. शांत.

"मावशी, गोळी?" हमदीनं विचारलं.

"घेतली. रिफअतनं दिली."

"टॅब... बोलला?"

"टॅब कसला बोलतोय! तो तर तू मुका केलास." तिनं पाव मोडला. त्याच्याकडे तोंड वळवलं नाही. "माझ्या हातचं खाता खाता. शेवटी त्यालाच यावं लागलं."

हमदी दारातच खाली बसला.

टॅब टेबलावर होता. मी उचलून उजेडात धरला. काचेवर अंगठ्याचा ठसा. ठशाच्या मधोमध उभी चीर.

"जुना असेल, उस्ता," एक पोरगा म्हणाला. त्याचा चहा निवला होता.

"मलाही तसंच वाटलं. खिशातून स्पिरिटचा बोळा काढला, पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला."

उस्तानं खुर्ची भिंतीपासून पुढं घेतली.

"तीस वर्षं काचा बदलतोय मी. त्या टॅबची काच कुणी उघडलेली नव्हती. कडेचा डिंक कंपनीचा, जसाच्या तसा..."

"मग?"

"ठसा आतल्या बाजूनं होता."