तेरा मार्चची हजेरी

“पुसा की, थांबलाय कशाला? फडकं ओलं हाय, हात मोकळा हाय.”

“केसरबाई, मला शिकवू नका. एक वाजता पाव्हणे येणार, तलावाच्या भरावावर फलक उघडायचा. आन तुमी हितं भर रस्त्यावर गावाची अब्रू टांगून ठेवलीया.”

“गावाची न्हाय, माझ्या आईची. त्रेपन्न वर्सं टांगलीया ती. मी आज खाली उतरवतीया.”

हे बोलणं चाललं होतं वाचनालयाच्या ओसरीत, तेरा मार्चला, दुपारी पावणेबाराच्या सुमाराला. मोहनराव म्हणजे आमच्या वाडीचे सरपंच. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात ओलं फडकं, मागं चार माणसं. माझ्या बाजूला एकटी शकुबाई, ऐंशीच्या पुढची, काठी आडवी धरून पायरीवर बसलेली. आणि मधे फळा.

फळ्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लासुर्ण्याहून आत वळलं की कालव्याच्या अंगाला आमची वाडी. वाचनालय एका खोलीचं, वर पत्रे. ओसरीच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर रोज सकाळी वर सुविचार आणि खाली ‘आजचा दिनविशेष’ लिहायचा. एकतीस वर्षं हे काम माझं आहे. कुणी दिलं नाही, मी घेतलं. शाळेची पायरी मी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या पाठीवरून, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावरून. माझं वळण बघून मास्तर लोक विचारतात, कुठल्या शाळेतल्या हो तुम्ही? मी म्हणते, माझ्याच.

त्या दिवशी मी तीन ओळी लिहिल्या होत्या. १७८१ साली या दिवशी हर्शेल यांनी युरेनस ग्रह शोधला. १९४० साली उधमसिंग यांनी लंडनमध्ये भर सभेत ओडवायरला गोळ्या घातल्या. आणि तिसरी ओळ: १९७३ साली आपल्या वाडीच्या पाझर तलावाच्या कामावर मातीचा कडा कोसळून चार बाया गाडल्या गेल्या. साखरबाई, फुलाबाई, कुशाबाई आणि सारजा गंगाराम.

पहिल्या दोन ओळींवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. तिसरीतल्या चौथ्या नावावर भांडण होतं. कारण भरावावर जो काळ्या दगडाचा फलक बसवला होता, त्यावर तीनच नावं होती.

सारजा माझी आई. मी तेव्हा बारा वर्षांची.

दुष्काळाची कामं निघाली होती. रोज किती माती खणली ते चौकडीवर मोजायचे. चौकडी लवकर भरावी म्हणून एक खोड लागली होती सगळ्यांना. कडा वरून खणत यायचं सोडून खालून पोखरायचा. खालचा मुरूम निघाला की वरचा कडा आपल्या वजनानं बसतो, फुकटात ढीगभर माती मिळते. बसायच्या आत बाहेर पळायचं, एवढंच. मुकादम बघायचा आणि गप बसायचा, त्यालाही काम दाखवायचं होतं. तेरा मार्चला बाराच्या ठोक्याला कामावर मिळणारी सुकडी खायला बाकीचे लिंबाखाली आले, चौघी अजून कड्याखालीच होत्या, आणि कडा बसला.

तीन बाया संध्याकाळपर्यंत मिळाल्या. चौथीसाठी अजून खणायला पाहिजे होतं, तर मुकादम म्हणाला, चौथी कोण? सारजा आज आलीच नव्हती. हजेरीपटावर ‘गै’ लिहिलेलं होतं, गैरहजर. आठ दिवसांत त्याच जागेवर भराव चढला. मग लोकच म्हणायला लागले, सारजा गेली कुणाचा तरी हात धरून. माझ्या बापानं ते खरं मानलं आणि मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. लग्नात, बारशात, पाणवठ्यावर मी ‘पळालेलीची’ म्हणून वाढले. सकाळी तिनं माझी वेणी घातली होती, घट्ट, आणि एका हातानं पोट सावरत पाटी उचलून कामावर गेली होती. मी तिला वळणापर्यंत बघितलं होतं. पण पोरीचं कोण ऐकतंय.

तो मुकादम रामहरी. मोहनरावांचे वडील.

आता अंगठ्याचं सांगते.

फळा हातात घेतला त्याच वर्षी ही तिसरी ओळ पहिल्यांदा लिहिली, तेव्हा मी दुपारची आत बसले होते, वर्तमानपत्रं लावत. ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग पत्र्यांचा आवाज थांबला. चिमण्या थांबल्या. लांब कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरची गाणी चालू होती, तीही बंद झाली, मधेच, ओळ तुटावी तशी. आणि वास आला. ओल्या मुरमाचा, खोल खणल्यावर येतो तो. सहा महिने पाऊस नव्हता…

बाहेर ओसरीत कुणीतरी पाटी टेकवली. धप्प. भरलेली पाटी खाली ठेवल्यावर बाई जो श्वास सोडते, तो मी भिंतीतून ऐकला. त्यानंतर भिंतीवर काहीतरी दाबल्यासारखं झालं. माझ्या पाठीशीच भिंत होती. मला ते दाबणं पाठीत कळलं.

मी बाहेर गेले. भ्यायले नव्हते असं लिहिणार नाही. पण गेले. ओसरीत कुणी नव्हतं. फळ्यावर तिसऱ्या ओळीच्या शेवटी, हजेरीपटावर जिथं अंगठा देतात त्या उजव्या कडेला, एक अंगठा उठला होता. मातीचा, ओला. त्यातून तिरपी रेघ गेलेली. माझ्या आईचा उजवा अंगठा कडबा तोडताना विळ्यानं कापला होता, तिरपा, नखापासून पेरापर्यंत. खाली फरशीवर मुरमाचे खडे पडले होते. ते रस्त्याकडून आलेले नव्हते. भिंतीच्या बुडातून सुरू झाले होते आणि फळ्यापाशी संपले होते.

त्यानंतर दर तेरा मार्चला, बाराच्या ठोक्याला, तेच.

पुढं माहितीच्या अधिकारात मी तो हजेरीपट काढला. अकरा हेलपाटे घातले, साहेब म्हणाला, बाई, एवढ्या जुन्याचं काय करता? मी म्हणाले, वाचते. आधीच्या प्रत्येक आठवड्याला आईचा अंगठा आहे, तिरप्या रेघेचा. शेवटच्या आठवड्याची चौकट रिकामी. आणि तेरा तारखेखालचा तो ‘गै’, त्याची शाई बाकीच्या पानाहून वेगळी. प्रत माझ्या पिशवीत कायम असते. गाव मात्र म्हणतं, केसर स्वतःच चिखल कालवते आणि अंगठा उठवते.

मोहनरावांनी तेच काढलं.

“दर साली चिखल तुमीच लावता. आज माझ्यादेखत उठू द्या की तो अंगठा. उठला तर चौथं नाव मी सोता कोरून घेतो. न्हाय उठला, तर फळा सोडायचा. खडूला हात लावायचा न्हाय पुन्ना.”

“केसर, सोड… आज नगं…” शकुबाई खालून पुटपुटली. ती त्या कामावर होती. त्या सकाळी आई तिच्या शेजारी उभी होती हे तिला ठाऊक आहे. पण तिचा संसार मुकादमाच्या रानात राबून उभा राहिला, आणि तिनं तोंड उघडलं नाही. मी तिला कधी विचारलंही नाही.

मी मोहनरावांना म्हणाले, “कबूल.”

एकतीस वर्षांचा फळा मी एका शब्दावर लावला. दुसरं होतं काय माझ्याकडं?

त्यांनी फडकं फिरवलं. ग्रह गेला, लंडन गेलं, चारही बाया गेल्या. काळा फळा उन्हाच्या झळीनं भराभर वाळायला लागला. मग त्यांनी माझ्या पिशवीतनं डोकावणारी प्रत ओढून घेतली आणि फळ्याला पाठ करून उभे राहिले. पाठ आणि फळा यांत वीतभरसुद्धा जागा नव्हती.

“वडलांवानी हजेरीच घेतो. आलेली असंल तर ओ देईल की.” मागची चार माणसं हसली. “शकुबाई.”

“हाय,” शकुबाई म्हणाली. सवयीनं. तिचं तिलाच कळलं नाही, तोंडावर हात गेला तिचा.

“ही बघा, जिती माणसं ओ देत्यात. साखरबाई.”

पत्रे वाजायचे थांबले.

“फुलाबाई… कुशाबाई…”

मी चिमण्यांकडं कान दिला. नव्हत्या. वास आला, दरवर्षीपेक्षा जास्त, घशात उतरणारा. चार माणसांतल्या एकानं नाकाला रुमाल लावला आणि इकडंतिकडं बघितलं. हसायचं बंद झालं होतं. मोहनरावांना मात्र कळलं नसावं, किंवा कळूनही मान ताठ ठेवली असावी. तो त्यांच्या घराण्याचा गुण आहे.

“सारजा गंगाराम.”

त्यांनी कानामागं हात धरला, वाट बघितली. एवढा वेळ मी माझ्या आयुष्यात कधी मोजला नाही. आतल्या घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले. मी मोहनरावांच्या खांद्यावरून फळ्याकडं बघत होते. दिसेल तेवढा भाग कोरडा, काळाभोर. मोहनरावांचा खांदा तेवढा एकदा हलला, माशी बसल्यावर बैल कातडं हलवतो तसा. बारावा ठोका पडला.

ते बाजूला झाले आणि फळ्याकडं बोट केलं.

फळ्यावर काही नव्हतं. उजव्या कडेला नाही, कुठंच नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

“गैरहजर,” मोहनराव म्हणाले. “तवाबी आन आताबी. माझ्या वडलांनी खोटं लिवलं न्हवतं, केसरबाई. तुमची आई गेली, तुमाला टाकून गेली. हे मानायला जड जातंय म्हणून तुमी आमच्या घरावर चिखल फेकताय. खडू द्या हिकडं.”

माझ्या हातातला खडू त्यांनी घेतला. मी घेऊ दिला. खरं सांगते, त्या घटकेला मला मुकादमाचं म्हणणं पटायला आलं होतं. वेणी, वळण, सगळं मीच बनवलं की काय. आई, तू आज का आली नाहीस, असं मी मनात म्हणालेसुद्धा. माणूस म्हातारं झालं की एवढंच उरतं, आपलं खरं. आणि ते असं चारचौघांत एका वाळल्या फळ्यावर संपतं.

“चला, पाव्हणे येत्याल,” मोहनराव माणसांना म्हणाले, आणि पायऱ्या उतरायला वळले.

शकुबाईची काठी हातातनं सुटली. खडखडत पायऱ्यांवरून खाली गेली. ती मोहनरावांच्या पाठीकडं बघत होती, आणि पदर तोंडात कोंबून रडत होती. त्या चार माणसांनीही बघितलं. ती चारही माणसं मागं सरली, भिंतीला लागेपर्यंत, आणि सरपंचांना सांगायचं धाडस एकालाही झालं नाही.

मी दोन पायऱ्या खाली उतरले. डोळे अधू आहेत माझे, पण अक्षरं वाचण्यापुरते कधी कमी पडलेले नाहीत. जवळून, नीट बघितलं. तिरपी रेघ बघितली. खाली उन्हात पडलेले मुरमाचे खडे बघितले, ते त्यांच्या टाचेमागून चालले होते. आणि आणखी एक बघितलं, जे मला त्रेपन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“काय बघताय?” मोहनराव अर्ध्या वळणावर थांबले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. “केसरबाई… काय हाय मागं?”

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

“घरी जाऊन सदरा उतरवा, मोहनराव, आईचा अंगठा तर मी वळखला, पर त्याच्या शेजारी हा एवढासा दुसरा उठलाय, बोराएवढा, तो तुमच्या वडलांनी कुठल्याच कागदावर लिवलेला न्हाय.”