उघाडीवरची हाक

मी सयाजी. नवी मुंबईत बावीस वर्षं तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करतोय. घाणीची मला भीती नाही. लोक नाक दाबून लांब उभे राहतात आणि तिथूनच मला अक्कल शिकवतात, एवढाच काय तो त्रास. दिवाळे गावातल्या त्या घरी मात्र नाक दाबायची कोणाला गरजच पडली नाही.

घर चाळीस वर्षांचं, बैठं. संडासातून पाणी उलटं येऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलेलं. त्या खोलीत दत्तूकाका खाटेवर पडून होते. कमरेचं हाड मोडलेलं. दोन वर्षांत ते स्वतःहून बोटभरही सरकले नव्हते.

“दोनला भरती भरंल,” त्यांची बायको गोजराकाकू म्हणाली. “त्याच्या आत पानी उतरव रे बाबा. डॉक्टर बोलला, ह्यांना हलवू नका. खाट उचलली तर माझा मानूस जाईल.”

एक वाजून गेला होता. मी मागच्या अंगणातलं चेंबर उघडलं. आत काळं पाणी असायला हवं होतं. होतं ते नितळ, आणि वास खाऱ्या चिखलाचा, ताज्या कोळंबीचा.

तिथून पाइप घराखालून रस्त्यावरच्या चेंबरला जातो. अंतर चाळीस फूट. सळीचं टोक दिसलं की ओरडा, असं सांगून काकूला मी तिकडे उभं केलं. तीन-तीन फुटांच्या सळ्या एकमेकींत पेचाने बसवत आत ढकलत गेलो. चोवीसच्या चोवीस संपल्या.

“काकू, दिसलं?”

“नाय रे. पानी पन हललं नाय.”

मग बहात्तर फूट सळी गेली कुठे? मी ती मागे ओढू लागलो, आणि पलीकडून कोणीतरी ओढली. जोरात नाही. लहान मूल आपली बाही ओढतं ना, तेवढीच. मग पुन्हा एकदा.

खिडकीतून काकांचा आवाज आला. “गोजरे... उघाडीपाशी गेली त्याची सली.”

काकू धावत आली. तिनेच सांगितलं. शहर नव्हतं तेव्हा इथे खाडीचा बांध होता. बांधातून जाणाऱ्या नळीच्या दाराला उघाडी म्हणायचे. भरती आली की काका तिथे फळी टाकून खारं पाणी अडवायचे. पण उघाडीच्या तोंडाशी बाया कोळंबी धरत असायच्या, म्हणून फळी टाकण्याआधी तीनदा हाक मारायची रीत.

“भरावाचे ट्रक आले तवा ह्यांनी फली टाकली, ती कायमची. वर घर बांधलं, नि नवा पाइप कशाला म्हनून मोरी त्या उघाडीच्या नलीतच सोडली. ट्रकवाला घाई करत व्हता. हाक नाय मारली.”

“आत कोणी होतं?”

“नव्हतं. मी बगितलं व्हतं...” काकूने मान खाली घातली. “पन हाक मारायची असते.”

“तू मार गो,” काका आतून म्हणाले.

“चूक तुमची. तुमीच मारा.”

एरवी मी हसलो असतो. पण पाणी उंबरा ओलांडून खाटेच्या पायांना लागलं होतं.

काकांनी छातीत श्वास भरला. “वर या गो बायांनो... फली टाकतो हाय!”

दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्या हाकेला सळी सैल पडली. मग आमच्या पायांखाली, अंगणातल्या लादीच्या खाली, पाणी तुडवत कोणीतरी चालू लागलं. मागून आणखी कोणी. मग कितीतरी जणी. बांगड्या वाजत होत्या. एक हळूच हसली. भीती तर वाटलीच, पण भीतीहून मोठं काहीतरी मनात भरून आलं. गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसा मी हात जोडून उभा होतो. हात कधी जोडले, ठाऊक नाही. त्या जातच होत्या, जातच होत्या...

आवाज थांबला तेव्हा दोन वाजले होते. बाहेर भरती पुरती भरलेली, आणि चेंबरमधलं पाणी गरगरत खाली उतरत होतं.

आम्ही खोलीत धावलो. लादी कोरडी. काका कुशीवर वळून भिंतीला टेकले होते. खाटेवर माणूसभर जागा मोकळी सोडलेली, आणि तिथली गोधडी ओली, खोल दबलेली होती.

“अहो, तुमी हललात कसे?” काकूला रडू फुटलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हलू बोल... दमून आलीय.”