त्रिशलाबाईंची क्षमा

त्या वर्षी मिरजेत जैनांचं दशलक्षण पर्व आणि रमजान एकाच महिन्यात आले होते. निवृत्त शिक्षिका त्रिशलाबाई मगदूम दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, उरकायच्या, आणि भिंतीपलीकडचा बाबालाल सतारमेकर दिवस मावळल्यावर रोजा सोडायचा. बाईंच्या ताटात लाकडाचा भुसा उडू नये म्हणून तो त्या वेळी आपलं यंत्र आपणहून बंद ठेवी. नेमकं हेच बाईंना खुपायचं.

कारण गेल्या वर्षी या भुशाची तक्रार करून बाईंनीच त्याचा सतारींचा कारखाना दोन महिने बंद पाडला होता. भांडणात तर त्या त्याच्या अंगावर धावून गेल्या होत्या, आणि हा मान खाली घालून उभा! आता परवाना नवा करायला त्याला शेजाऱ्याची सही हवी होती. उद्या शेवटचा दिवस होता आणि कागद आठवडाभर बाईंच्या फडताळात पडून होता.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं बाईंचं ठाम मत होतं. अलीकडे बाजारात शमनी मिळू लागली होती. ही तांदळाएवढी चकती कानामागच्या शिरेला बारीक विद्युतस्पंद देई आणि राग चढायच्या आतच उतरवी. बाबालालनं तीच लावली असणार! तसल्या उसन्या गोडव्याचा भरवसा काय? चकती काढली की माणूस उलटणार! म्हणून बाईंनी औषधाच्या दुकानातून शमनदर्शक आणला. शमनी दोन हातांच्या आत असली की त्याचा दिवा निळा होई.

अंथऊ झाल्यावर त्यांनी बाबालालला हाक मारली आणि पदराआड दर्शक चालू केला.

"बोलावलासा, बाई?" तो दारात आला.

बाईंनी पदराआड पाहिलं. दिवा निळा होता. बाईंना काय आनंद झाला म्हणता! "सापडलास! कानामागं काय लावलंयस?"

बाबालालनं टोपी काढून दोन्ही कान पुढं केले. कानामागं भुशाशिवाय काही नव्हतं.

"तसलं काय न्हाई ओ. राग येतो की मला. दात-ओठ खाऊन भोपळा घासत बसतो. पण रोज्यात पोटाआधी तोंड सांभाळायचं, असं अब्बा सांगायचे." त्यानं आकाशाकडं पाहिलं. "येतो बाई, रोजा सोडायची वेळ होत आली. सहीचं तेवढं बघा."

तो गेला. दिवा मात्र निळाच राहिला.

बाई स्वयंपाकघरात गेल्या, देवघरात गेल्या, परसात जाऊन आल्या. दिवा विझेना. शेवटी कंटाळून त्यांनी कानामागचं श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्या खिडकीशी गेल्या, तेव्हा कुठं तो विझला. टेबलाजवळ नेला की पुन्हा निळा. म्हणजे शमनी आपल्याच यंत्रात!

यंत्र पुन्हा कानाला लावून त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. गेल्या वर्षी ते अभिनंदननंच आणून दिलं होतं.

"आई, त्या भांडणानंतर तुझं बीपी दोनशेवर गेलं होतं. डॉक्टरांनीच यंत्रात शमनी बसवायला सुचवलं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

बाईंनी फोन ठेवला. म्हणजे गेल्या वर्षी पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आपण दिमाखात बाबालालच्या दारात गेलो, ते या चकतीच्या जिवावर! आणि तिथं काय म्हणालो? 'जा, तुला मी क्षमा केली.' चाळीस वर्षं पाठशाळेत मुलांना शिकवलं की त्या दिवशी क्षमा नुसती करायची नसते, आधी हात जोडून मागायची असते. आणि स्वतः मात्र देऊन आलो! शमनीनं राग निववला होता, पण संशय आणि तोरा जागच्या जागी होते. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी यंत्र काढून टाकलं. जरा वेळानं राग आला, आणि तो वर्षभराचा साठलेला राग होता. मुलावर, भुशावर, त्या माणसाच्या खाली घातलेल्या मानेवर. रागात सही वाकडी आली, पण त्यांनी ती केली.

कागद घेऊन त्या पलीकडं गेल्या. बाबालालनं नुकताच खजूर तोंडात टाकला होता. बाईंनी हात जोडले.

"बाबालाल, मला क्षमा कर."

तो उठून उभा राहिला. कागदाकडं पाहिलं, मग बाईंकडं, आणि बोलू लागला. खूप वेळ बोलला. ओठ हलत होते, डोळे भरले होते, एकदा त्यानं मूठही आवळली. बाईंना एक अक्षर ऐकू आलं नाही. तो माफ करत होता, की वर्षभराचं गिळलेलं आज ओकत होता?

यंत्र घरी टेबलावर होतं, वीस पावलांवर. ते घातलं असतं तर शब्दन् शब्द कळला असता. पण ते शब्द शांतपणे सोसले असते कुणी, त्रिशलाबाईंनी की चकतीनं?